जागलीचा हिशेब

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला आणि हरभरा वीतभर वर आला, म्हणजे नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात, खंडेश्वराचे हेमाडपंती देवालयही काळोखात बुडून गेलेले असते अशा अपरात्री, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले, एका हातात बॅटरी व दुसऱ्या हातात काठी घेतलेले इसम पांदणीने विहिरीकडे चालताना दिसतात. हे चोर नव्हेत आणि चौकीदारही नव्हेत. ओलितास निघालेले हे शेतकरी होत, कारण चक्राकार वीजपुरवठ्याच्या तक्त्याप्रमाणे कृषिपंपाची थ्री फेज लाईन त्यांच्या वाट्याला रात्रीची आलेली असते. स्प्रिंकलरचे गारठलेले पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात मांडावयाचे, फ्यूज उडाला की डीपीपाशी धावावयाचे, पायाखाली काय वळवळते तेही पाहावयाचे. आणि लाईन दिवसाची असली तरी सुटका नाहीच, कारण रोही व रानडुकरे तक्ता वाचीत नाहीत, त्यांच्यासाठी जागल ठरलेलीच. लवकर निजण्याचा उपदेश करणाऱ्या सुभाषितकाराच्या वावरात बहुधा पंप नसावा.

चरकाने आहार व ब्रह्मचर्य यांच्या पंक्तीस निद्रेला बसवून तिला देहाचा उपस्तंभ म्हटले. आपल्या लोकव्यवहारात मात्र झोप ही ऐष आणि जागरण ही मर्दुमकी ठरली आहे. शरीर या मर्दुमकीस भुलत नाही. १९९९ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना ६ रात्री केवळ चार-चार तास निजू दिले, तेव्हा त्यांच्या देहाची रक्तातील साखर आवरण्याची शक्ती मंदावलेली आढळली. अवघ्या ६ रात्री! आमचा रब्बी हंगाम महिनोन्‌महिने चालतो. दुपारी निंबाखाली घटकाभर आडवे झाले की भरपाई झाली, हा समजही फसवा आहे. कारण देहातील ज्या कालमापक यंत्रणेच्या उलगड्यास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ती सूर्याच्या उजेडाशी जुळलेली असते, आणि तिच्या इच्छेविरुद्ध घेतलेली दिवसाची झोप उथळ व तुटकच राहते. पुढे रक्तदाब वाढतो, साखर वाढते, आणि घरचे म्हणतात, म्हातारपणाने माणूस चिरडखोर झाला.

याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, आणि ओलित करणारा मान वर करतो तेव्हा दुरून ट्रॅव्हल्सच्या दिव्यांची रांग सरकताना दिसते. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्यास निघालेली अशीच एक बस सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ उलटून पेटली व २५ जीव गेले. त्या अपघाताच्या कारणांचा निवाडा मी करीत नाही. परंतु सलग १७ तास जागलेला मनुष्य, शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य भिनलेल्या माणसाइतकाच मंद होतो, हे १९९७ मध्ये प्रयोगाने दिसून आले. आमच्या मोटार कायद्याची मर्यादा तर ३० मिलिग्रॅमचीच आहे. मद्यप्याच्या तोंडाशी धरण्यास पोलिसांपाशी यंत्र आहे. पेंगणाऱ्यास आम्ही कडक चहा पाजून पुढे धाडतो.

पूर्वी गावगाड्यात जागल्या असे. त्या व्यवस्थेत वेठ होती, जातीचा जाच होता, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि इतरांच्या झोपेसाठी कोणी तरी जागतो आणि त्या जागण्याचे काही मोल असते, एवढी गोष्ट तिच्या दप्तरात नमूद होती. आज निम्मा गाव जागतो, आणि लागवडीच्या खर्चात बियाणे, खत, फवारणी, मजुरी सारे मांडूनही त्या रात्रींना कोणी रकाना ठेवीत नाही.

दिवसा वीज देण्याची तजवीज २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने आरंभिली, हे योग्यच झाले. पण तिचे यशापयश मेगावॉटांत आणि अनुदानाच्या बचतीत मोजले जाते, तेव्हा तिच्यावरील खर्चाची नोंद आरोग्याच्या खातीही व्हावी असे मला वाटते. दिवसाची लाईन ही शेतकऱ्यावरील मेहेरबानी नसून मधुमेहाच्या गोळीइतकीच औषधी वस्तू आहे. आणि तोवर, दवाखान्यात तंबाखू किती, मीठ किती, असे विचारून झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी आणखी एक प्रश्न विचारण्यास हरकत नसावी: ‘बाबा, या आठवड्यात तुमची लाईन केव्हाची आहे?’