पट्टीवर दोन रेघा आल्या, आता गाय विकायची का?

१८८६ साली परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर फार काळ जनावराच्या साथरोगाचे पक्के निदान म्हणजे नमुना लांब पाठवणे आणि अहवालाची वाट पाहणे. २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू असल्याची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेने केली. आता रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत रेघ दाखवणारे किट मिळते. सोय मोठी आहे, पण नियमन अजून अर्धेच पोचले आहे.

वैद्यकीय उपकरणांची २०२० ची अधिसूचना माणसांबरोबर प्राण्यांसाठीच्या उपकरणांनाही लागू आहे. त्यामुळे किट घेताना परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत विचारलीच पाहिजे. मात्र परवान्याची पडताळणी बनवणाऱ्यापाशी होते. उन्हात तापलेल्या डिकीत पडून राहिलेली पट्टी कोण तपासणार?

ब्रुसेलोसिसचे (सांसर्गिक गर्भपाताचे) उदाहरण घ्या. समजा, किट ९५ टक्के आजारी जनावरे पकडते आणि ९५ टक्के निरोगी जनावरांना निरोगीच दाखवते. गावात हजार जनावरे, त्यांतली दहा बाधित. नऊ-दहा बाधित सापडतील, पण ९९० निरोगी जनावरांतली सुमारे पन्नासही ‘पॉझिटिव्ह’ दिसतील. म्हणजे रेघ आलेल्या साठांत खरी बाधित दहाच्या आसपास! किट खराब नाही. रोग कमी असेल तिथे असेच होते. याउलट, ज्या गोठ्यात लागोपाठ गाभडण्याच्या घटना घडल्या, तिथे तीच रेघ बरीच विश्वासार्ह ठरते. शिवाय २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस देतात. लशीची प्रतिपिंडेही काही चाचण्यांत दिसू शकतात. म्हणून लसीकरणाची नोंद आणि कानातला बिल्ला पाहिल्याशिवाय निकाल वाचू नये.

दुसरा धोका निगेटिव्हचा. नुकतीच लागण झाली असेल तर रेघ येत नाही, आणि त्या ‘स्वच्छ’ निकालावर बाजारात व्यवहार होतो. माझ्या मते खासगी विक्रीच्या वेळी दाखवली जाणारी पट्टी हा पुरावा मानूच नये.

पॉझिटिव्ह आले की घाईने गाय विकणारे आहेत. तोटा वाचतो, पण रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो. साथरोग प्रतिबंधाच्या २००९ च्या कायद्यानुसार अनुसूचित रोगाचा संशय आला तरी ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवणे आणि जनावर वेगळे बांधणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी पक्क्या अहवालाची वाट पाहायची नसते. दूध उकळूनच वापरा. गाभडलेला गर्भ व जार हातमोज्यांशिवाय उचलू नका, कारण हा रोग माणसालाही होतो.

पशुधन पर्यवेक्षकांनी निकालाबरोबर किटचे नाव, बॅच, तारीख व लसीकरण लिहून ठेवावे आणि रक्तजलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. जनावर काढून टाकण्याचा निर्णय तो अहवाल आल्यावरच घ्यावा.