खवैगुण्य, मूलपेशी आणि आपली जबाबदारी

अर्बुदाचा प्रसार केवळ अर्बुदपेशींच्या बळावर होत नाही, त्यास भोवतालच्या धातूंचे साहाय्य लागते, हा विचार आधुनिक वैद्यकातही नवा नाही. १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी बीज आणि भूमी या उपमेने तो मांडला होता. खवैगुण्य जाणणाऱ्या वैद्यास तो परका वाटू नये.

या भूमीतील एक घटक म्हणजे मेसेन्कायमल मूलपेशी (स्टेम सेल). अस्थिमज्जेतील या पेशी व्रणाकडे धावतात, तशाच अर्बुदाकडेही ओढल्या जातात. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने २००७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखविले की, स्तनाच्या अर्बुदपेशींत त्या मिसळून उंदरांत टोचल्यास फुप्फुसांतील प्रसार वाढतो. मूलपेशींनी सोडलेले सीसीएल-५ हे द्रव्य त्यास कारण होते. तो परिणाम कायमचाही नव्हता. फुप्फुसाच्या अर्बुदांतूनही अशा पेशी वेगळ्या केल्या गेल्या आहेत. मात्र काही प्रयोगांत त्याच पेशींनी अर्बुदाची वाढ रोखली. म्हणजे मूलपेशी सरसकट हितकर नाहीत आणि अहितकरही नाहीत.

नेमका हाच विवेक बाजारात हरवला आहे. ‘मूलपेशी जागविणारे रसायन’ मिळेल का, अशी विचारणा आमच्या उस्मानपुऱ्यातील रुग्णही करतात. स्वस्थास रसायन देणे निराळे. ज्याच्या फुप्फुसात अर्बुद आहे, त्यास मूलपेशी वाढविण्याच्या आशेने काही देणे निराळे. मूलपेशी खरोखरच वाढल्या, तर त्या कोणाच्या बाजूने लढतील हे आपणांस सांगता येत नाही. खवैगुण्याशी साम्य दिसले म्हणून चिकित्सा सिद्ध होत नाही. ती रुग्णांवरील पद्धतशीर अभ्यासानेच होईल.

औषधविक्रेत्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आहे. तो बरा करण्याची जाहिरात हा गुन्हा ठरतो.

रसायनाच्या चर्चेपेक्षा निकडीचा प्रश्न निदानाचा आहे. आपल्याकडे फुप्फुसाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण आधी क्षयरोगाचे औषध घेत महिने घालवितात. काही आपल्याकडे कासाचे म्हणून येतात. तीन आठवडे न हटणारा कास, रक्तष्ठीवन, स्वरभेद वा अकारण कार्श्य आढळल्यास, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, सितोपलादीची दुसरी पुडी बांधण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र काढवावे. क्षयाचे औषध सुरू असूनही उतार नसेल, तर निदान पुन्हा तपासावयास सांगावे. शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तेथे पाठविलेल्या रुग्णाच्या पथ्याची, अग्नीची आणि वेदनेची काळजी तेथील चिकित्सकांना कळवून आपण पुढेही घेऊ शकतो.