घट्ट करणाऱ्यांनो

दिवाळी झाली होती. हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून बांधीत उभा होता. पुतण्याचे तीन मित्र नागपूरहून आले. गाडीत काठ्या, चकचकीत रिळं, आणि एका डब्यात रंगीत नकली मासे. प्रत्येक माशाच्या पोटाला तीन तोंडांचे दोन-दोन गळ. तलाव आमच्या गावापासून दोन कोसांवर. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या रविवारी दहा गाड्या येतील. संस्थेच्या लोकांना विचारून घेतलं, डोंगा ओळखीच्या ढिवर भावाचा घेतला आणि निघालो.

भाऊ सावकाश वल्हवत होता. डोंग्यामागं पन्नासेक हात दोरी सोडलेली, टोकाला तो नकली मासा पोहत यायचा. चालत्या डोंग्यामागं असा गळ ओढण्याला हे लोक ट्रोलिंग म्हणतात. मी सहज रिळाजवळची दोरी चिमटीत धरून ओढून पाहिली. बोटाला वळ उठला, पण दोरी काही सुटेना. बटण पार शेवटापर्यंत पिळलेलं.

मी म्हणलो, "बाबू, जरा ढिला कर ना."

तो हसला. "काका, लॉकच बरं. मोठा लागला तर पळूच द्यायचा नाही."

आणि मोठाच लागला. काठी एकदम वाकली, टोक पाण्यात बुडालं, डोंगा कलंडतो की काय असं झालं आणि 'टक्' असा आवाज आला. संपलं. क्षणभर पाठ दिसली. आमच्याकडं कुणी त्याला पढीन म्हणतं, कुणी शिवडा. बिनखवल्यांचा, लांबलचक, तोंडभर बारीक दात. दोरी गाठीजवळ तुटली नव्हती, वर काठीच्या कडीजवळ तुटली होती, तिथं ती आधीच खरचटलेली असणार. म्हणजे मासा नुसता गळ घेऊन गेला नाही. सहा काटे, तो प्लास्टिकचा मासा आणि चाळीस-पन्नास हात दोरी घेऊन गेला.

पोरांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. "कसला मोठा होता यार!"

मी हे लिहायला बसलो ते त्या टाळीमुळे. दोरी तुटली म्हणजे मासा मोठा होता, असा हिशोब यांनी कुठून शिकला? दोरी तुटली म्हणजे बटण चुकीचं लावलं होतं. बस, एवढंच सिद्ध होते.

आता कुणी म्हणेल, हा धान पेरणारा म्हातारा, १९७६ चा दहावी पास, याला रिळातलं काय कळते? बरोबर आहे. रीळ माझ्या हातात आलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. पण दोरी मी त्याच्या किती तरी आधी धरली. आमचा मुलूख तलावांचा. मालगुजारीच्या काळातले तलाव, त्यावरून लोक आजही त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, पण त्यातला मासा काढणारे हात ढिवरांचेच राहिले. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता, गोंदिया १९९९ साली झाला. आमच्या बांधीला लागून तलावाची पाळ होती आणि पाळीवर एक ढिवर बुवा राहायचे. मी त्यांना बावाजी म्हणायचो. जात वेगळी, घर वेगळं, पण जेवायच्या वेळेला मी त्यांच्याकडंच सापडायचो, असं माझी आई चिडून सांगायची.

बावाजीजवळ रीळ नव्हतं, काठीही नव्हती. जाळी टाकून परतताना ते डोंग्यामागं दोरी सोडायचे. दोरीचा फेरा पायाच्या अंगठ्याला नाही, हाताला नाही, कुठंच नाही. डाव्या हाताच्या तीन बोटांत ओल्या फडक्याची घडी, त्यातून दोरी गेलेली. मासा लागला की बोटं दोरी सोडत राहायची. थांबवायची नाहीत, पण फुकटही जाऊ द्यायची नाहीत. मासा जोर करे तेव्हा दोरी सरसर जायची, तो दमला की बोटं आवळायची आणि हातभर दोरी परत आत. त्या तीन बोटांवर आडवे घट्टे पडले होते, विळ्याच्या मुठीसारखे गुळगुळीत.

मी आठवीत असताना एकदा शहाणपणा केला. दोरी हातातून निसटते म्हणून तळहाताला दोन वेढे मारून बसलो. मासा काय होता ते कधी कळलंच नाही. करंगळीजवळ दोरी रुतली ती हाडापर्यंत. बावाजीनं कोयत्यानं दोरी तोडली आणि माझ्या हातावर हळद दाबत म्हणाले, "तुले कोनं सांगतलं त्याले बांधाले? त्याले जाऊ द्यावं लागते गा. जाता जाताच थकते तो."

ती करंगळी आजही पूर्ण वळत नाही. धानाचा पेंढा बांधताना दर वर्षी आठवण होते.

रिळातला ड्रॅग म्हणजे बावाजीची ती तीन बोटं. दुसरं काही नाही. आत चकत्या असतात, लोखंडाच्या, नमद्याच्या, हल्ली कार्बनच्या. बटण पिळलं की त्या एकमेकींवर दाबल्या जातात, दाब जेवढा तेवढी दोरी जड सुटते. म्हणजे हा ब्रेक आहे, आणि ब्रेकचं काम चाक घासत थांबवणं आहे, खिळा ठोकून उभं करणं नाही. पहिल्या काळातल्या रिळांना हा ब्रेकही नव्हता. मोठे मासे धरणारे साहेब लोक रिळावर चामड्याचा तुकडा अंगठ्यानं दाबून धरायचे. म्हणजे साहेबाचा अंगठा आणि आमच्या बावाजीची बोटं एकच काम करत होती. मग कारखान्यानं ती बोटं रिळात बसवून दिली आणि आमच्या पोरांनी ती पिळून मारून टाकली.

बरं, किती पिळायचं? इथं सगळे अंदाजपंचे. दोरी ओढून पाहतात, "हां, ठीक आहे" म्हणतात. बावाजीच्या बोटांना चाळीस वर्षांचा अंदाज होता, तुमच्या बोटांना रविवारचा आहे. म्हणून काटा लावा. रद्दीवाल्याकडं असतो तो लटकता स्प्रिंगचा काटा. काटा झाडाला बांधा, दोरीचं टोक त्याच्या आकड्याला बांधा, दोरी काठीच्या सगळ्या कड्यांतून गेलेली असू द्या आणि काठी मासा लागल्यासारखी वाकवून मागं सरका. नुसती रिळापासून सरळ ओढून मोजाल तर फसाल, कारण वाकलेल्या काठीच्या कड्यांवर दोरी घासते आणि ओढ वाढते. दोरी सुटायला लागली की काटा वाचा. दोरीवर १० किलो लिहिलं असेल तर ती अडीच ते तीन किलोला सुटली पाहिजे. पाव हिस्सा ते फार तर तिसरा हिस्सा. डोंग्यामागं ओढताना मी दोनच ठेवतो.

"एवढं कमी?" असं विचारणाऱ्यांनी दुकानातल्या दोरीवरचा आकडा खरा मानलेला असतो. तो आकडा कोऱ्या, सरळ, बिनगाठीच्या दोरीचा. गाठ मारली की ताकद कमी झाली, वाईट मारली तर निम्मी गेली. आणि ओढगळात एक गोष्ट वेगळी आहे, काठावर बसणाऱ्याला ती कळत नाही. मासा एकीकडं झटका मारतो आणि डोंगा दुसरीकडं चाललेला असतो. दोघांचा जोर एकाच दोरीवर, एकाच क्षणी. वल्ह्याचा डोंगा लवकर थांबतो, मोटरीची बोट थांबता थांबता वीस-पंचवीस हात पुढं जाते. तेवढ्या वेळात दोरी सुटली नाही तर ती तुटेल, नाही तर गळ सरळ होईल, नाही तर माशाचा जबडा फाटेल. चौथी वाट नाही. उलट, नकली मासा पाण्यात ओढला जातो तेवढ्यानंच दोरी सुटत असेल तर फार ढिलं झालं, गळ रुतणार नाही. मधली जागा लहान आहे, म्हणूनच काटा लागतो.

आणखी एक. भरलेल्या रिळावर तीन किलो लावलं आणि माशानं निम्मी-अधिक दोरी नेली, गुंडाळी बारीक झाली, तर बटणाला हात न लावता ब्रेक जड होतो. गुंडाळीची रुंदी निम्मी झाली तर तीनाचे सहा होतात. ज्याला विहिरीचा रहाट माहीत आहे त्याला हे समजावून सांगायला नको. वर पाण्यातल्या लांब दोरीची ओढ वेगळीच. म्हणजे मासा लांब गेला की बटण थोडं सैल करायला पाहिजे. आणि माणूस काय करतो? दोरी संपत चालली म्हणून घाबरतो आणि पिळतो. मी स्वतः दोनदा केलं आहे. दोन्ही वेळेला तुटली.

आता त्यांची बाजू. तीही ऐकली आहे, डोंग्यात बसून ऐकावीच लागते. पहिलं म्हणणं, इटियाडोहसारख्या धरणात पाण्याखाली झाडांची खोडं आहेत, मासा सोडला तर तो खोडात शिरतो. हे खरं आहे. पण त्याला उपाय जाड दोरी हा आहे, म्हणजे तिचा पाव हिस्साही जास्त येतो. डोंगा माशामागं नेणं, काठी आडवी करून त्याचं तोंड वळवणं हा उपाय आहे. बारीक दोरी घेऊन कुलूप लावणं हा उपाय नाही. दुसरं म्हणणं, आता विणलेली दोरी आली आहे, ती तुटतच नाही. ती ताणत नाही, हे खरं. साधी नायलॉनची दोरी रबरासारखी थोडी ताणून झटका पोटात घेते, विणलेली घेत नाही. म्हणजे तिला ड्रॅग जास्त जपून लावायला पाहिजे, कमी नाही. आणि तुटत नाही म्हणता, मग त्या दिवशी काय झालं?

एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. काही लोक मासा धरून परत सोडतात. ते म्हणतात, फार ढिलं ठेवून तासभर खेळवलं तर मासा दमून मरतो, सोडून उपयोग काय? बरोबर आहे. म्हणून मी ढिलं ठेवा असं म्हणतच नाही. मोजून ठेवा म्हणतो.

पण तिसरं म्हणणं आलं की माझं डोकं फिरते. "काका, मासा सुटला तर आमचा सुटला, तुमचं काय गेलं?"

सांगतो काय गेलं. तो मासा तुमचा नव्हताच. तलाव संस्थेच्या ठेक्यावर आहे. कतला-रोहूचं बीज ढिवर लोक पदरच्या पैशानं आणून सोडतात, पाऊस दगा देतो तेव्हा तलाव आटून ते पैसे मातीत जातात. तुम्ही एक दिवस येता, डोंग्याचं भाडं देता आणि जाताना पन्नास हात दोरी पाण्यात ठेवून जाता. ती कुजत नाही. संक्रांतीनंतर तो ढिवर भाऊ माझ्या अंगणात आला, हातात गुंडाळा.

"पाय भाऊ, तुमच्या पाव्हन्याचं सामान."

तीच हिरवी विणलेली दोरी. त्याच्या जाळ्यात इतकी गुंतली होती की जाळं पाच-सहा हात कापून टाकावं लागलं. दोरीत एक पाणकावळा अडकून मेलेला निघाला. नकली मासा, गळ, पढीन, यांचा पत्ता नाही. मी म्हणलो, जाळ्याचे पैसे मी देतो. तो म्हणाला, "तुमी कायले? तुमी थोडीच तोडली." मग दोन दिवस तो पाळीवर बसून जाळं विणत होता. येता-जाता मला दिसत होता आणि मी दुसऱ्या वाटेनं बांधीवर जात होतो. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले आहेत ते मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात. ते याच तलावांच्या काठानं, याच बांध्यांमधून पायी फिरतात. त्या दोरीत पाणकावळ्याच्या जागी कोण असू शकला असता, हा विचार मी फार वेळ करत नाही.

दोष सगळा पाहुण्यांचा नाही. डोंग्यात मी बसलो होतो. दोरी ओढून पाहिली, घट्ट आहे हे कळलं, एकदा बोललो आणि गप्प बसलो. पाहुणे होते, शिकलेले होते, पुतण्याची इज्जत होती. बावाजी असते तर त्यांनी वल्हं ठेवून दिलं असतं, डोंगा तिथंच थांबवला असता. आमच्या गावातले शहाणेही कमी नाहीत. ते म्हणतात, रीळ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय करायचं? मग त्यांचाच पोरगा शहरातून स्वस्तातलं रीळ घेऊन येतो, मोबाईलवर बघून बटण पिळतो, आणि बापाजवळ त्याला सांगायला शब्द नसतो.

पुतण्याचे मित्र यंदा पुन्हा येणार आहेत. मी निरोप दिला आहे, डोंग्यात बसायच्या आधी पाळीवरच्या बाभळीला काटा बांधला जाईल. तिघांच्या काठ्या मोजल्या जातील, दोन किलोच्या वर एकही नाही. संध्याकाळी परत आल्यावर बटणं सैल करायची, रात्रभर दाबून ठेवली तर चकत्या चेपतात आणि दुसऱ्या दिवशी दोरी झटके देत सुटते. त्या चकत्यांना घरातलं कुठलंही तेल घालायचं नाही. आणि मागच्या वर्षीच्या जाळ्याचे पैसे त्यांनी भावाच्या हातात द्यायचे, माझ्या नाही.

काटा माझ्या ओसरीत खुंटीला असतो. आणखी कुणाला लागला तर घेऊन जावा. फक्त धान मळणीच्या आधी परत आणून द्यावा, तेव्हा मला लागतो.