टाळ्यांची अनिश्चितता

"विज्ञानानेच आता सारे अनिश्चित ठरवले आहे!" वक्तृत्वस्पर्धेत या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. मीही त्या मिळवल्या आहेत. आज त्यांची लाज वाटते.

जून १९२५ मध्ये परागकणांच्या त्रासाने बेजार झालेला २३ वर्षांचा हायझेनबर्ग हेल्गोलँड बेटावर गेला. तेथे त्याने मांडलेल्या गणितात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदले. त्याचे ज्येष्ठ सहकारी माक्स बोर्न यांनी ओळखले, की हे तर आकड्यांचे चौकोनी तक्ते, मॅट्रिक्स! कणाचे स्थान आणि संवेग यांच्या गुणाकाराचा क्रम उलटला की पडणारा फरक ठरलेला असतो. तो प्लांकच्या स्थिरांकावर अवलंबून असतो. १९२७ चे अनिश्चिततेचे तत्त्व या फरकाशीच बांधलेले आहे.

म्हणजे ही अनिश्चितताही मोजूनमापून दिलेली! 'काहीही घडेल' असे ते तत्त्व म्हणत नाही. मायावादाला वा आपल्या आळसाला त्याचा आधार मिळत नाही.

व्याकरण न जाणता कवितेवर बोलणाऱ्याला आपण कलाशाखेचे विद्यार्थी हसतो. मग समीकरणांना वेगळा न्याय का? मित्रहो, दोन ओळी-दोन स्तंभांच्या दोन मॅट्रिक्स घ्या, वहीत गुणून पाहा. क्रम उलटून पुन्हा गुणा. टाळ्या त्यानंतर घेऊ.