दोरीवरून वर जाणारा पपईचा रस

मंगळवारी नवरा डॉमिनोज खेळायला गेला, की राफाएला खिडकीतून दोरी सोडते. खालची पोरं कागदी पिशवीतून नारळाचा नाहीतर पपईचा रस वर पाठवतात. बायको देखणी, पळून जाईल, म्हणून नवऱ्याने तिला कुलपात ठेवलेलं. सँड्रा सिस्नेरोस एवढं सगळं जेमतेम दोन पानांत सांगते आणि पुढे सरकते.

‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (1984) ही तिची कादंबरी अशा 44 तुकड्यांची. शिकागोतल्या लॅटिनो वस्तीत एस्पेरांझा मोठी होते, एवढंच कथानक. पण तपशील कसे चोख! तिघी मैत्रिणी पाच-पाच डॉलर काढून सायकल घेतात. एस्पेरांझाच्या पाचातले दोन धाकट्या बहिणीचे. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, कोण बोललं ते कानानेच ओळखायचं.

‘माणदेशी माणसं’ आवडीने वाचणाऱ्याला ही जात ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की तिथली माणसं सुटी आहेत, इथली एका गल्लीत दाटीने राहतात.

खरी मजा मधल्या मोकळ्या जागांत आहे. राफाएलाचं पुढे काय झालं, हे वाचकाने आपलं आपण ठरवावं.

कुठलंही पान उघडून वाचता यावं, अशा बेताने सिस्नेरोसने हे लिहिलं. तरी पहिल्या वाचनात क्रम मोडू नये. बापाचा मार खाणारी सॅली आठवीच्या आत लग्न करून सुटते खरी; पण नवरा तिला खिडकीबाहेर बघूही देत नाही, हे क्रमाने वाचलं तरच बोचतं.