पाण्याचे गणित आणि उद्दिष्टाचा प्रश्न

भोर आणि वेल्हे हे पाणी साठविणारे तालुके आहेत. इंग्रजी अमदानीत बांधलेले भाटघर, नीरा नदीवरील देवघर, आंबी नदीवरील पानशेत आणि मोसे नदीवरील वरसगाव ही धरणे याच मावळपट्ट्यात उभी आहेत. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते व तेथील ऊस पोसते. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यामार्गे पुणे शहराची तहान भागविते. धरणांच्या वरच्या अंगाच्या डोंगरवस्त्या मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात.

याच वस्त्यांतील मुले-मुली महाविद्यालयात जातात, तेव्हा त्यांना ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ अर्थात रेषीय नियोजन नावाचा विषय शिकविला जातो. साधनसामग्री मर्यादित असताना तिचे वाटप कसे केले म्हणजे ठरविलेले उद्दिष्ट जास्तीत जास्त साधेल, याचे हे गणित. पुस्तकातले उदाहरण ठरलेले असते : लाकूड इतके, मजुरीचे तास इतके, खुर्च्या किती आणि टेबले किती केली असता कारखानदाराला सर्वाधिक नफा होईल? मजूर येथे तासांचा एक आकडा असतो आणि नफा हे उद्दिष्ट गृहीतच धरलेले असते. ते कोणी ठरविले, हे विचारण्याची परीक्षेत सोय नसते.

वास्तविक हे शास्त्र कारखानदाराच्या मालकीचे नव्हे. १९३९ साली लेनिनग्राडच्या कांटोरोविच यांनी प्लायवूड उद्योगातील यंत्रांना कामे वाटून देण्याच्या प्रश्नातून त्याची मांडणी केली. समाजवादी म्हणविणाऱ्या त्या राज्यातील पोथीनिष्ठांनीच त्यांच्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. पुढे १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अमेरिकेत डँट्झिग यांनी १९४७ साली हवाई दलाच्या नियोजनासाठी आपली प्रसिद्ध ‘सिंप्लेक्स’ रीत शोधली. आणि १९८४ साली ग्वाल्हेरला जन्मलेल्या, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी बेल प्रयोगशाळेत नवी वेगवान रीत मांडली. तिच्यावर त्या प्रयोगशाळेच्या मालक कंपनीने १९८८ साली पेटंट मिळविले. गणिताच्या रीतीलाही कुंपण घालता येते, हे भांडवलशाहीने असे दाखवून दिले.

आता पाण्याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, धरणात १०० माप पाणी आहे. सपाटीवर कालव्याने दिलेल्या प्रत्येक मापामागे पाच रुपयांचे उत्पन्न होते. डोंगरावर उपसून दिलेल्या मापामागे, उपशाचा खर्च वजा जाता, तीन रुपयांचे. उत्पन्न जास्तीत जास्त करा, एवढेच सांगितले तर उत्तर येते : सपाटीला १००, डोंगराला शून्य, एकूण ५०० रुपये. हा शून्य गणिताची चूक नव्हे, विचारलेल्या प्रश्नाचे ते अचूक उत्तर आहे. आता एकच अट घाला : डोंगराला किमान २० माप मिळालेच पाहिजे. एकूण उत्पन्न ४६० होते. म्हणजे न्यायाची किंमत ५०० मधले ४० रुपये, मापामागे दोन रुपये. अट एका मापाने वाढविली की उद्दिष्टात पडणाऱ्या या फरकाला त्या अटीची ‘छाया-किंमत’ म्हणतात.

आपल्या दृष्टीने या शास्त्राचे मर्म येथेच आहे. ‘वरच्या गावांना पाणी देणे परवडत नाही’ असे अधिकारी म्हणतात, तेव्हा कार्यकर्त्याने विचारले पाहिजे : किती रुपयांनी परवडत नाही? उद्दिष्ट कोणते धरले? अटी कोणत्या घातल्या आणि कोणत्या गाळल्या? महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. पानशेतचे धरण फुटले १९६१ साली. म्हणजे या खोऱ्यातील जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या काळी विस्थापितांची अट हिशेबाच्या कागदावर लिहिण्याचे कायद्याचे बंधनच नव्हते.

काही मित्र म्हणतील, हा तंत्रज्ञांचा खेळ आहे. जनतेचे प्रश्न मोर्चाने सुटतात. मोर्चा हवाच, अट कागदावर चढते ती मोर्चाच्याच बळावर. परंतु ती कोठे चढवावयाची हे ज्याला कळत नाही, त्याची मागणी निवेदनाच्या फायलीत पडून राहते. उलट, बुडालेल्या घराची किंमत काढा असे कोणी या गणिताला सांगू लागला, तर तेही नाकारले पाहिजे. पिण्याचे पाणी आणि पुनर्वसन ह्या सौद्याच्या बाबी नव्हेत, त्या अटी आहेत. त्या आधी पुऱ्या करून उरलेल्या पाण्यावर उत्पन्नाचा विचार व्हावा.

म्हणून भोर-वेल्ह्यातील विद्यार्थ्यांनी खुर्च्या-टेबलांऐवजी आपल्याच धरणाचे उदाहरण वर्गात मांडावे, प्राध्यापकांनी त्यास उत्तेजन द्यावे आणि आपल्या अभ्यासवर्गांतही ते सोडविले जावे. फळ्यावर उद्दिष्टाची ओळ लिहिणारा हात कोणाचा, हा प्रश्न गणिताचा नसून राजकारणाचा आहे, हे त्यातूनच उमगेल.