विश्लेषण : ‘सॅव्हेजेस’ ते ‘तीन पैशाचा तमाशा’

बीटल्सने ऑगस्ट १९६२मध्ये ड्रमर पीट बेस्टला वगळून रिंगो स्टारला घेतले, हे जगभरच्या रसिकांना पाठ आहे. त्याच दशकात मुंबईत ‘सॅव्हेजेस’सारखे बीट ग्रुप नावारूपाला आले. त्यांत कोण आले, कोण गेले, याची नोंद मात्र धड कुणी ठेवली नाही. मराठी रंगभूमीला तरी ती हवी होती.

ग्रुप टिकत का नसत?

वाजवणारे बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी. पदवी हातात पडली की घरचे नोकरीचे विचारणार. ‘सॅव्हेजेस’चे कीबोर्डवादक प्रभाकर मुंदकूर पुढे जाहिरात क्षेत्रात गेले. दुसरी अडचण वाद्यांची. आयातीवर निर्बंध असल्याने परदेशी गिटार, अॅम्प्लिफायर मिळवणे म्हणजे दिव्यच. (आज धायरीतला शाळकरी मुलगा गिटार घरपोच मागवतो!) रेकॉर्डिंगची संधीही क्वचित. एका सिगारेट ब्रँडच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतून १९७० आणि १९७१मध्ये तबकड्या निघाल्या, म्हणून काही ग्रुपांचा आवाज तरी उरला.

मराठीशी याचा संबंध काय?

याचे उत्तर नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदाम्पत्याचा हा मुलगा ‘सॅव्हेजेस’, ‘वेल्व्हेट फॉग’ आणि ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ अशा ग्रुपांतून गायला. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जूडास साकारला. मग १९७८मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणले. जब्बार पटेल दिग्दर्शक, मूळ नाटक ब्रेख्तचे. त्यात नंदू अंकुश झाला, संगीतातही त्याचा वाटा होता. लावणीचे कान असलेल्या प्रेक्षकासमोर रॉकचा गळा उभा राहिला तो असा. एकाच ग्रुपला चिकटून राहिला असता तर तो इथवर आला असता का, शंकाच आहे. ग्रुपांची फाटाफूट म्हणजे अपयश, ही समजूत म्हणूनच अपुरी वाटते.

नोंद कोण ठेवतो?

‘अॅटॉमिक फॉरेस्ट’चा ‘ऑब्सेशन ७७’ २०११मध्ये पुन्हा निघाला, तो अमेरिकेतल्या ‘नाउ-अगेन’ या कंपनीकडून. २०१४मध्ये नंदू भेंडे गेले. त्यांच्या पिढीचे वादक आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. आपल्या नाट्यसंस्थांनी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला फारसा खर्च येणार नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे.